बाकी भेटीअंती

जुनी पोस्टकार्डं सापडणं हा आनंदाचा प्रसंग आहे असं ज्यांना वाटतं, त्यांना ती बहुधा सापडलेली नसावीत. आमच्याकडे प्रवासातून धाडलेली चित्रांची कार्डं माळ्यावरच्या पत्र्याच्या डब्यात निघाली आणि साफसफाई तिथेच आटोपली. निम्मं सामान खाली, निम्मं वर, आणि मधल्या जागेत फतकल मारून बसलेलं अख्खं घर.

पहिला वाद तारखेचा. काका कार्डावर ‘मंगळवार, दुपार’ एवढंच लिहीत. कुठला मंगळवार, ते टपालाच्या शिक्क्यावरून कळलं असतं. पण भावाने लहानपणी संग्रहासाठी सगळी तिकिटं कात्रीने कापून घेतली होती आणि शिक्के त्यांच्याबरोबर गेले. संग्रह कुठे आहे विचारलं, की तो खिडकीबाहेर बघतो.

मग मी अभ्यास केला. पूर्वी कार्डाच्या पाठीवर फक्त पत्ता लिहायची मुभा होती, मजकूर चित्राच्या कडेला कोंबावा लागे. पाठीचे दोन भाग करून डावीकडे मजकूर लिहायला ब्रिटनने १९०२ मध्ये परवानगी दिली, अमेरिकेने १९०७ मध्ये. आमच्या प्रत्येक कार्डावर मधली रेघ होती.

“म्हणजे ही सगळी १९०२ नंतरची,” मी जाहीर केलं.

“मीसुद्धा,” आत्या म्हणाली.

मजकुराकडे वळलो तर तिथेही अंधारच. किल्ला असो, धबधबा असो, मागे तेच: ‘सुखरूप पोचलो. हवा छान. काळजी नसावी. बाकी भेटीअंती.’ भेटीअंती कोणी काही सांगितल्याचं कोणालाच आठवत नाही. काही कार्डांवर ‘उत्तर ताबडतोब धाडावे’ अशी तंबी आहे, मुक्कामाचा पत्ता मात्र नाही. एक कार्ड तर काका परत आल्यावर पोचलं होतं. त्यांनी ते स्वतःच पोस्टमनच्या हातून घेतलं आणि आपण सुखरूप पोचल्याचं सगळ्यांना वाचून दाखवलं.

पण दोष माणसांचा नाही. ऑस्ट्रिया-हंगेरीने १ ऑक्टोबर १८६९ रोजी पहिलं सरकारी पोस्टकार्ड काढलं, तेव्हापासून हा उघड्यावरचा कारभार आहे. वाटेत कोणीही वाचणार म्हटल्यावर माणूस हवेबद्दलच लिहिणार. जरा काही सांगायचं झालं, की आमची मंडळी सांकेतिक भाषेवर येत. ‘त्या गृहस्थांना भेटलो. तू म्हणालीस तसेच आहेत.’ हे आईला आलेलं. कोण गृहस्थ, विचारलं. “असेल कोणीतरी,” म्हणत तिने ते कार्ड गठ्ठ्याच्या तळाशी सरकवलं. मी नंतर पाहिलं. तळाशी नव्हतं.

एव्हाना ‘ठेवून काय करायचंय’ या मुद्द्यावर एकमत होत आलं होतं. तेवढ्यात मला थिओडोर हूक आठवला. हा इंग्रज लेखक. जगातलं सर्वांत जुनं ज्ञात चित्रपोस्टकार्ड १८४० मध्ये त्याच्या पत्त्यावर आलेलं. टपाल खात्याच्या कारकुनांची टर उडवणारं ते चित्र त्याने स्वतःच स्वतःला धाडलं असावं, असं मानतात. २००२ साली ते लिलावात ३१,७५० पौंडांना गेलं.

घरात शांतता पसरली. ज्यांना कार्डं नको होती, त्यांनी आपापल्या नावाची वेगळी काढायला घेतली. आत्याने चष्मा मागवला.

“त्यावर पेनी ब्लॅक होतं,” मी पुढचं वाक्य उगाचच बोलले. “जगातलं पहिलं चिकटवायचं टपाल तिकीट.”

सगळ्या माना भावाकडे वळल्या.

“मी लहान होतो,” तो म्हणाला. “मला कोणी अडवलं नाही.”

“अडवलं होतं,” आई म्हणाली. “आम्ही प्रवासात होतो. तिथून कळवलं होतं तुला.”

बरीच शोधाशोध केल्यावर ते सापडलं. पुढे धबधबा, मागे आईचं अक्षर: ‘बाळ, कार्डांची तिकिटं कापू नकोस. हवा छान. बाकी भेटीअंती.’

उजव्या कोपऱ्यात चौकोनी भोक होतं.