आबांचा चहा आणि ‘पसरट कप’वाला मेसेज

अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी यावलला आले, तर चहा सांडून आबांच्या मांडीवर तळहाताएवढा फोड. आबा ऐंशीकडे झुकलेत, हात थरथरतात. आईने त्यांचा स्टीलचा ग्लास माळ्यावर टाकून पसरट वाडग्यात चहा द्यायला सुरुवात केली होती, तोही काठोकाठ. का, तर घरच्या ग्रुपवर मेसेज आला होता: ‘पसरट कपातून चहा सांडत नाही, शास्त्रज्ञांनी सिद्ध केले.’ खाली पाच मुद्दे. एकट्या आमच्या ग्रुपवर तो चार जणांनी टाकलाय, म्हणून हे लिहितेय.

पहिला मुद्दा, रुंद बुडाचं भांडं कलंडत नाही. खरं आहे. टेबलावर ठेवलेल्या भांड्याला धक्का लागला, तर उभट ग्लास आधी आडवा होतो. पण आबांचा वाडगा कलंडलाच नव्हता! तो त्यांच्या हातात होता, चहा आतून उसळून बाहेर आला. कलंडणं वेगळं, हिंदकळणं वेगळं. आणि हिंदकळणं बुडावर नाही, तोंडाच्या रुंदीवर ठरतं.

अखाजीचा झोका आठवा. तो परत येतो तेव्हा नेमका हात लावला की हलक्या धक्क्यानेही उंच जातो. भांड्यातल्या चहाचाही असाच आपला ठेका असतो. तोंड 7 सेंटिमीटर असलेल्या नेहमीच्या कपात सेकंदाला साधारण साडेतीन हेलकावे, कटिंगच्या 4 सेंटिमीटरच्या ग्लासात पाचाच्या आसपास, आणि 15 सेंटिमीटरच्या वाडग्यात जेमतेम दोन. माणूस चालतो तेही सेकंदाला दोनेक पावलं. म्हणजे वाडगा घेऊन टाकलेलं प्रत्येक पाऊल हा झोक्याला वेळेवर दिलेला धक्का.

शास्त्रज्ञांचं नाव घेता ना, मग हे घ्या. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा इथल्या रुस्लान क्रेचेत्निकोव्ह आणि हान्स मेयर यांनी 2012 साली ‘फिजिकल रिव्ह्यू ई’मध्ये नेमकं यावरच लिहिलं: चालताना कॉफी का सांडते? त्यांना दिसलं की बहुतेकदा ती सातव्या ते दहाव्या पावलात सांडते. आमच्या स्वयंपाकघरापासून घरासमोरच्या ओट्यापर्यंत बारा पावलं आहेत. मी स्वतः वाडगा, कप आणि ग्लास पाण्याने भरून त्याच वाटेने चालून पाहिलं. वाडग्यातलं पाणी मधल्या उंबऱ्यापाशीच माझ्या पायाच्या अंगठ्यावर पडलं. ग्लासातलं ओट्यापर्यंत आलं.

दुसरा मुद्दा सगळ्यात घातक: ‘काठोकाठ भरलेला चहा हलत नाही.’ यात अर्धं सत्य आहे, तेवढं मान्य करते. दूधवाल्याची किटली गच्च भरून झाकण लावलं की आतलं दूध डचमळत नाही, कारण त्याला हलायला जागाच उरत नाही. पण ते झाकणामुळे! उघड्या वाडग्याला वर आभाळ मोकळं. काठोकाठ भरल्यावर लाट केसभर उठली तरी ती थेट हातावर. थरथरत्या हातांच्या माणसाला असा चहा द्या असं लिहिताना त्या माणसाने कुणा म्हाताऱ्याला घोट घेताना पाहिलं तरी होतं का?

तिसरा, ‘वरचा फेस काढून टाका.’ उलट आहे. बुडबुडे भांड्याच्या कडेला घासतात आणि लाटेचा जोर खातात. चौथा, तांब्याच्या कपातून चहा सांडत नाही. धातूचा हिंदकळण्याशी काहीही संबंध नाही.

पाचवा, ‘भाजल्यास लगेच टूथपेस्ट लावा.’ आईने लावली. दवाखान्यात ती पुसून काढताना आबांनी माझं मनगट घट्ट धरलं होतं. भाजलं की नळाचं साधं वाहतं पाणी, वीस मिनिटं. बर्फ नाही, पेस्ट नाही, हळद-तूपही नाही.

ग्लास मी माळ्यावरून खाली काढला. स्टील चटकतं म्हणून आईने त्याला फडकं गुंडाळलं, चहा अर्ध्यापर्यंतच ओतला आणि आबांना बसल्या जागी नेऊन दिला. “एवढाच?” आबा म्हणाले. तो संपल्यावर तिने उरलेला अर्धा आणला.