साखर कमी हाय

परवा माझी कलाकृती एका गृहस्थांनी पिऊन टाकली.

सांगतो. नोकरी सांभाळून सत्तेचाळिसाव्या वर्षी मी एम.ए. करतोय. (बायकोच्या मते घरकाम टाळण्यासाठी.) कॉलेजात ‘श्रद्धा आणि समाजपरिवर्तन’ या विषयावर कलास्पर्धा लागली. मी मांडणशिल्पात नाव दिलं. एक स्टूल, त्यावर कँटीनची कपबशी, कपात खराखुरा चहा. शेजारी फलक: मराठ्यांच्या हौदाला शिवला म्हणून मार खाल्लेल्या गंगाराम कांबळेंना शाहू महाराजांनी भाऊसिंगजी रोडवर चहाचं हॉटेल काढून दिलं आणि स्वतः तिथं जाऊन चहा प्यायले. शेवटची ओळ होती, ‘या एका कपात सगळं सोवळं बुडालं.’ आयोजकांनी ती खोडायला लावली.

कारण नियम. क्रमांक ४, परखड सामाजिक भाष्य अपेक्षित. क्रमांक ५, कुणाच्याही भावना दुखावू नयेत. शेजारच्या पोरीनं १८९९ सालचा पंचगंगेचा घाट रंगवला होता: महाराज स्नानाला उतरलेत आणि भटजी त्यांना शूद्र ठरवून वेदोक्त (वेदांतल्या) मंत्रांऐवजी पुराणोक्त (पुराणांतले) मंत्र म्हणतायत. ज्या वेदोक्त प्रकरणानं अख्खं संस्थान ढवळून निघालं, ते कोल्हापुरात चित्रात दाखवायचं नाही तर काय काश्मीरमध्ये? तिला सांगितलं, भटजी तेवढे काढ. तिनं काढले. मग राहिलं काय, तर महाराज अंघोळ करतायत. समाजपरिवर्तन म्हणून.

परीक्षक अकराला येणार होते. साडेअकराला काका आले. डोक्यावर टोपी, हातात रांगोळीच्या पुड्यांची पिशवी. नातीला घेऊन आले होते, ती तिकडं ठिपके काढत होती.

“चहा कुणाचा ओ?”

“महाराजांचा,” मी जरा कलात्मक आवाज लावला.

“कुठल्या?”

“शाहू महाराजांचा.”

“मग गार का केलासा?”

“काका, ते प्यायचं नाही. प्रतीक आहे.”

“अस्सं.” त्यांनी फलकावर बोट फिरवत एकेक अक्षर वाचलं. खोडलेली ओळसुद्धा उजेडाकडं मान तिरकी करून वाचली. “आम्ही माणगावचं. १९२० ला परिषद झाली न्हवं, बाबासाहेब आन् महाराज एका मांडवात? आमचा आजा होता तिथं.” आता काहीतरी भारी ऐकायला मिळणार म्हणून मी सरसावलो, तर काका गुडघ्यावर आले. गुडघ्यावरून एस.टी.वर, एस.टी.वरून रांगोळीच्या दरावर. पांढरी एवढ्याला, केशरी तेवढ्याला, आणि जांभळा तर हातालाच चिकटतो. दहा मिनिटं मी ‘हो का, हो का’ करत राहिलो. मग ते एकदम वळले.

“मला एक सांगा. गंगारामांनी चहा ठेवला आन् कोण प्यालंच न्हाई, तर त्यो धंदा चालंल काय?”

“नाही, पण...”

“मग!”

आणि कप उचलून बशीत ओतला. फुंकला. गार चहा फुंकला हो! फुर्र करून संपवला आणि मिशा पुसल्या.

“साखर कमी हाय.”

मी कँटीनकडं पळालो, तर दूध संपलेलं. वर काउंटरवरच्या पोरानं मघाच्या चहाचे पैसे मागितले. परत आलो तोवर परीक्षक माझ्या स्टुलापाशी उभे होते, आणि तळाला चिकटलेली चहाची पूड निरखत होते. काका त्यांना फलक वाचून दाखवत होते.

निकाल लागला. पहिला नंबर रांगोळीला (काकांच्या नातीच्या नव्हे): चार धर्मांची चार चिन्हं, मधे पणती, वर कबुतर. कुणाचीच भावना दुखावायची सोय नाही. अंघोळ करणाऱ्या महाराजांना उत्तेजनार्थ, ‘जलसंवर्धनाचा प्रभावी संदेश’. मला १० पैकी ४. शेरा होता, ‘कल्पना चांगली, मात्र कप रिकामा असल्याने आशय पोहोचत नाही.’ पोहोचला होता की. थेट पोटात पोहोचला होता! पण हे सांगायचं कुणाला? आक्षेप नोंदवायचा तर लेखी अर्ज, तोही प्राचार्यांमार्फत.

गेटवर काका भेटले. नात रुसून पुढं चालली होती.

“आला काय नंबर?”

“नाही.”

“म्हणलं न्हवतं मी?” ते म्हणाले, “साखर घालायची.”