धर्माचा रकाना भरा, आत्म्याची सेवा झाली

सिस्टर, नव्याने रुजू झालात ना? मग रुग्णाच्या आध्यात्मिक सेवेचं दडपण घेऊ नका. केसपेपरवर 'धर्म' असा रकाना असतो. तो भरला की आत्म्याचं काम आटोपलं. कुणी 'मी काही मानत नाही' म्हणालाच, तर उत्तमच, तेवढी एक खाट कमी. मरणाची भीती त्यालाही वाटते, मुलीशी धरलेला अबोला त्यालाही छळतो. पण त्यासाठी रकाना नाही.

'आध्यात्मिक क्लेश' हे १९७८पासून नर्सिंग निदानांच्या यादीत आहे, हे परीक्षेत लिहून मार्क घेतले असतीलच. आता विसरा. डॉ. क्रिस्टिना पुचाल्स्की यांनी १९९६च्या सुमारास 'फायका' प्रश्नावली आणली: श्रद्धा कशावर, तिचं महत्त्व किती, आपली माणसं कोण, आणि आम्ही त्यासाठी काय करावं? सलाइन बदलता बदलता चारही उरका. चौथ्याचं उत्तर यायच्या आत मात्र पुढची खाट गाठा. उत्तर ऐकलं तर काहीतरी करावं लागतं.

खरी कसोटी रात्री दोनला. आजोबा तुमच्या बाहीचं टोक धरतात आणि विचारतात, "सिस्टर, माझ्याच वाट्याला का हो हे?" घाबरू नका. सलाइनचे थेंब मोजा. मोजून झाले की पुन्हा मोजा. मग म्हणा, "आजोबा, असं बोलायचं नाही, बरे होणार तुम्ही!" एवढ्याने माणूस गप्प होतो. स्टूल मात्र ओढू नका. एकदा टेकलात की ते बोलायला लागतात. मरणाच्या दारातल्या रुग्णांसाठी हॉस्पिस उभारणाऱ्या सिसिली सॉन्डर्सबाईंनी वेदना शरीराची, मनाची, नात्यांची आणि आत्म्याचीही असते म्हणून ठेवलंय. बाई आधी नर्स, नंतर डॉक्टर. ऐकत बसायची खोड बहुधा पहिल्या नोकरीतली. (तीस खाटांना दोन सिस्टर देणाऱ्यांनी स्टुलाचा प्रश्न तसाही मिटवलाय, ते सोडा.)

फारच कळवळा आला, तर स्वतःच्या गुरूंचा फोटो त्यांच्या उशाखाली सरकवा. त्यांना विचारायचं कशाला? ते कुठे उठून जाणार आहेत!

पहाटे रिपोर्ट लिहा: 'बी.पी. नॉर्मल. तक्रार नाही. रात्रभर शांत झोप.' आजोबांचे डोळे छताकडे उघडे दिसले, तर दिवा मालवा आणि मग लिहा.