बरोबरीत सोडवली म्हणे

आज पोराच्या दप्तरातून हिस्टरीची वर्कशीट निघाली, पालकांची सही हवी म्हणून. दहापैकी नऊ. एक मार्क कुठे गेला बघितलं तर प्रश्न होता अमेरिकेच्या यादवी युद्धातली अँटिटमची लढाई कोण जिंकलं, यानं युनियनवर, म्हणजे नॉर्थवर, टिक केली होती आणि बाजूला लाल पेनानं काट मारून लिहिलं होतं, ड्रॉ. शाळेचं नाव घेत नाही, टीचर चांगल्या आहेत, मुलांना जीव लावतात. पण तेव्हापासून डोकं फिरलंय ते फिरलंच आहे, भात करपला, आणि शेवटी म्हटलं इथेच लिहावं.

आम्ही राहतो फ्रेडरिकला, मेरीलँडमध्ये. अँटिटमचं मैदान इथून गाडीने पाऊणएक तासावर, शार्प्सबर्ग गावाला लागून. पाहुणे आले की त्यांना वॉशिंग्टन दाखवून झालं की दुसऱ्या वीकेंडला मी तिकडेच नेते. नवरा वैतागतो. कोल्हापूरकडून अप्पा आले होते तेव्हाही नेलं, सप्टेंबर होता, मका अजून उभा होता आणि अप्पा त्या खोलगट वाटेच्या कडेला लाकडी कुंपणाच्या ओंडक्यावर बसून पिशवीतलं भडंग खात होते. त्या वाटेला ब्लडी लेन म्हणतात. बैलगाड्या जाऊन जाऊन जमीन खचलेली साधी गाडीवाट आहे ती, त्यात साउथचे, म्हणजे फुटून निघालेल्या गुलामीवाल्या राज्यांचे, लोक खंदकासारखे दबा धरून बसले होते आणि तीनेक तासांत दोन्हीकडचे मिळून पाच हजारांवर माणसं पडली तिथे. अप्पांना हे सांगितलं तर ते खाली वाकून मातीकडे बघत बसले.

अप्पा म्हणजे आमच्या पंचक्रोशीतले कुस्तीचे पंच, पस्तीस वर्षं जत्रेच्या मैदानात शिट्टी त्यांच्या गळ्यात. त्यामुळे पहिला प्रश्न हाच, "चितपट झाली का न्हाई?"

मी म्हटलं नाही झाली.

"मग सोडवली म्हन की बरोबरीत."

आता टीचरबाईही तेच म्हणतायत म्हणा. पण अप्पा तिथे थांबले नाहीत, ते सांगतेच पुढे.

आधी थोडं लढाईचं. 17 सप्टेंबर 1862. एका दिवसात मेलेले, जखमी, बेपत्ता मिळून 23,000च्या आसपास माणसं, अमेरिकेच्या इतिहासात एका दिवसात एवढं रक्त परत कधी सांडलं नाही. पहाटे मिलरच्या मक्याच्या शेतात सुरू झालं, नॉर्थच्या जनरल हूकरने रिपोर्टात लिहिलंय की मक्याचं ताट न् ताट सुरीने कापल्यासारखं झालं आणि माणसं जशी रांगेत उभी होती तशीच रांगेत पडलेली. मग ती खोलगट वाट, मग दुपारी तो दगडी पूल, जिथे जॉर्जियाच्या चारपाचशे लोकांनी नॉर्थच्या बर्नसाइडच्या अख्ख्या फौजेला तासन् तास अडवून धरलं. मग पूल ओलांडून नॉर्थवाले शार्प्सबर्गच्या अगदी तोंडाशी आले, आता जिंकलेच म्हणावं तोवर हार्पर्स फेरीहून सतरा मैल तुडवत साउथच्या ए. पी. हिलची डिव्हिजन नेमकी येऊन धडकली आणि त्यांना परत मागे रेटलं. अंधार पडला. संपलं.

संध्याकाळी दोघंही जवळपास सकाळी होते तिथेच. नॉर्थची पडली साडेबारा हजारांच्या आतबाहेर, साउथची दहा हजारांच्या वर. म्हणजे नुसती डोकी मोजली तर नॉर्थचीच जास्त गेली, हे मला माहितीय, कमेंटमध्ये येऊन सांगू नका.

आणि नॉर्थच्या सेनापती मॅकलेलनबद्दल तर मला बोलायलाच लावू नका! या माणसाला लढाईच्या चार दिवस आधी, आमच्याच फ्रेडरिकच्या बाहेरच्या एका शेतात, साउथच्या सेनापतीचा, लीचा, अख्खा प्लॅन सापडला होता, तीन सिगारींना गुंडाळलेला कागद, त्यात कुठली तुकडी कुठे जाणार सगळं लिहिलेलं. समोरच्याचे पत्ते उघडे दिसतायत, हातात दुपटीच्या आसपास फौज आहे, तरी हा विचार करत बसला. लढाईच्या दिवशीही फौजेचा मोठा हिस्सा त्याने वापरलाच नाही. दुसऱ्या दिवशी, 18 तारखेला, ली तिथेच उभा होता, पाठीला पोटोमॅक नदी, माणसं अर्धमेली, आणि याने हल्ला केला नाही. त्या रात्री ली नदी उतरून व्हर्जिनियात गेला. लिंकन इतका कातावला की नोव्हेंबरात त्याला घरी बसवलं.

मी हे सगळं अप्पांना सांगितलं तर ते भडंगाची मूठ तोंडाजवळ धरून थांबले. "आखाडा सोडून आदी कोन गेलं?"

ली गेला म्हटलं. तो मेरीलँड घ्यायला आला होता अप्पा, तसाच परत गेला.

"मग झालं की. पर त्याला कपडे उचलून जाऊ कसं दिलं रं बाबा त्यांनी?" हे बहुतेक मॅकलेलनला.

मला वाटलं विषय संपला. मी म्हटलं चला, पुलाकडे जाऊ, तिथे एक गंमत आहे. तेवीस नंबरच्या ओहायो रेजिमेंटमध्ये एक पोरगा होता, गोळीबार चालू असताना पुढच्या लोकांना गरम कॉफी आणि जेवण पोचवायचा, तोच पुढे प्रेसिडेंट मॅकिन्ली झाला, त्याचं तिथे मोठं स्मारक आहे. अप्पांना ते ऐकून भारी हसू आलं, पण उठले नाहीत.

म्हणाले, "पोरी, तुला पेढं आठवत्यात का?"

पेढे मला आठवतात. मी आठेक वर्षांची असेन, आमच्या गावच्या जत्रेत मोठी कुस्ती होती, सरपंचांचा पुतण्या आणि धनगरवाड्यावरचा एक पोरगा. मुलींना मैदानात जायची सोय नव्हती, मी तालमीच्या पत्र्यावर चढून बघितलेली, म्हणजे बघितलं काय, धूळ आणि फेटेच दिसले. कुस्ती बरोबरीत सुटली. रात्री सरपंचांच्या घरून पेढ्यांचा पुडा आला. अप्पांनी एकही तोंडात घातला नाही, मी चार खाल्ले.

एवढंच मला माहीत होतं. बाकीचं अप्पांनी त्या ओंडक्यावर बसून सांगितलं, चाळीस वर्षांनी, इथे परदेशात, ज्याच्याशी त्यांचा काही संबंध नाही अशा मैदानात. "पुतन्याची पाठ लागलेली. दोन्ही खांदं मातीला टेकल्यालं मी बघिटलं. पर कडंनं मान्सं वरडाय लागली, सोडवा सोडवा. मी दोगांचं हात वर केलं. बरोबरीत सोडवली की कुनाला वाईट वाटत न्हाई म्हंत्यात. पडल्याल्याला वाटत न्हाई गं. ज्यानं पाडलं त्याला इचारा."

तर. ड्रॉ.

नुसत्या मैदानापुरतं बघायचं तर ड्रॉ म्हणता येतं, म्हणा बापडे. पण लढाई कशावरून चालली होती? हे न सांगता आठवीतल्या पोरांना "कोण जिंकलं" विचारायचंच कशाला? चाळीसेक लाख माणसं विकत घेतलेली, विकलेली, त्यांच्यावरून चालली होती. लिंकनने मुक्तीचा जाहीरनामा जुलैमध्येच लिहून ठेवला होता, त्याचा परराष्ट्रमंत्री सेवर्ड म्हणाला आत्ता काढू नका, हरत असताना काढला तर केविलवाणा वाटेल, एखादी लढाई जिंका आणि मग काढा. म्हणून तो कागद खणात पडून राहिला. अँटिटम झालं 17ला, लिंकनने कागद बाहेर काढला 22ला. पाच दिवस! खरा पंच तो होता आणि त्याने निकाल देऊन टाकला, कोणाची लाज राखत बसला नाही. तिकडे इंग्लंडवाले साउथला मान्यता द्यायचं मनात घोळवत होते, ते त्यानंतर गप्प झाले. (आपल्या मुंबईत तेव्हा याच युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव होता, 1865ला युद्ध संपलं आणि शेअरबाजार आपटून भलेभले रस्त्यावर आले, पण तो वेगळा विषय.)

हो, त्या जाहीरनाम्याने लगेच सगळे सुटले नाहीत हे खरंय. बंडखोर राज्यांपुरताच होता तो. ज्या मेरीलँडच्या मातीत ही लढाई झाली तिथले गुलाम त्यातून वगळलेले होते, इथे गुलामी कायद्याने संपली 1 नोव्हेंबर 1864ला. मान्य.

पण मला सांगा, पुण्यात बसून जोतिबांनी 1873ला 'गुलामगिरी' लिहिलं आणि अर्पण कोणाला केलं? अमेरिकेतल्या सज्जन लोकांना, गुलामांना मोकळं करण्यासाठी त्यांनी जे सोसलं त्याबद्दल. तेव्हा ना फोन ना फेसबुक. त्या माणसाला पुण्यातून दिसलं कोण जिंकलं ते, आणि इथे पाऊण तासावर राहून आम्ही वर्कशीटवर ड्रॉ लिहितो. गेल्या शनिवारी गणपतीच्या मीटिंगमध्ये आपल्यातलेच एक जण "टेक्निकली ड्रॉच आहे गं, दोन्ही बाजू शूर होत्या" म्हणाले. होत्या ना शूर. सरपंचांचा पुतण्याही अंगाने चांगला होता.

जाऊ दे. टीचरना ईमेल लिहायला घेतली तीनदा, तिन्ही वेळा खोडली. मार्कासाठी भांडणारी देसी आई व्हायचं नाहीये मला. त्यांच्या आन्सर की मध्ये तसंच असेल बिचाऱ्यांच्या. पोरगा म्हणतोय मम्मा इट्स वन पॉइंट, सही कर आणि झोप.

सही करायच्या आधी अप्पांना फोन लावला, तिकडे सकाळ होती. गुडघ्यामुळे आता ते इकडे यायचे नाहीत. सगळं सांगितलं. बराच वेळ काही बोलले नाहीत, मला वाटलं फोन कट झाला. मग म्हणाले, "त्यो धनगरवाड्यावरचा, परवा बाजारात गावला. बटाटं घिऊन बसतोय आता. मला बघून उटून नमस्कार केला त्यानं."

मी म्हटलं मग तुम्ही काय म्हणालात?

"काय म्हननार. पाच किलो बटाटं घेतलं."

मागून आई ओरडत होती की घरात आधीचेच पोतंभर पडलेत.