ऑप्शनला काय टाकू?

सीएफए, म्हणजे गुंतवणूक क्षेत्रातल्या चार्टर्ड फायनान्शियल अॅनालिस्टच्या परीक्षेला पाच-सहा आठवडे उरले की माझ्या इनबॉक्समध्ये एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी येऊ लागतो. "ताई, लेव्हल टूला या वेळी काय येईल?" कुणी थेट विचारतं, कुणी "सहज विचारतोय हं" म्हणून विचारतं, कुणी 'हॉट टॉपिक्स'ची यादी पाठवून खाली नुसतं प्रश्नचिन्ह टाकतं. गेल्या आठवड्यात एकाने एकदम तीन याद्या पाठवल्या. त्याच्याकडे येते, पण आधी थोडं मनातलं बोलू दे.

सीएफएच्या तिन्ही लेव्हल मी दिल्यात. लेव्हल टू दोनदा. त्यामुळे हिला आतलं काहीतरी कळत असणार, असा लोकांचा समज आहे. कळत नाही. आणि कळलं असतं तरी सांगता आलं नसतं.

या परीक्षेत काय येणार, यातला बराच भाग परीक्षा घेणारी संस्थाच जाहीर करते. लेव्हल वनला १८० प्रश्न, त्यात एथिक्स १५ ते २० टक्के, डेरिव्हेटिव्ह्ज (फ्युचर्स, ऑप्शन्स, स्वॅप्स) ५ ते ८ टक्के. लेव्हल टूला २२ केस (वाचायला दिलेले प्रसंग) आणि प्रत्येकीवर चार प्रश्न, म्हणजे एकूण ८८. त्यात इक्विटी (शेअर), फिक्स्ड इन्कम (बाँड), फायनान्शियल स्टेटमेंट अॅनालिसिस यांना प्रत्येकी १० ते १५ टक्के, डेरिव्हेटिव्ह्जला ५ ते १०. हे सगळं कुणालाही फुकट वाचता येतं. त्यामुळे "या वेळी फिक्स्ड इन्कमवर भर असेल" असं कुणी गंभीर चेहऱ्याने सांगितलं की मला हसू येतं. १० ते १५ टक्के म्हणजे २२ पैकी दोन-तीन केस. त्या येणारच आहेत. उद्या सकाळ होणार आहे, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

यादीवाल्यांचं खरं कसब विषयाच्या आत, प्रकरणांच्या पातळीवर दिसतं. तिथे आकडेमोड करून बघा, सगळे याच परीक्षेचे उमेदवार आहात. लेव्हल टूच्या फिक्स्ड इन्कममध्ये मुख्य प्रकरणं पाच: टर्म स्ट्रक्चर, आर्बिट्राज-फ्री व्हॅल्युएशन, एम्बेडेड ऑप्शन असलेले बाँड, क्रेडिट अॅनालिसिस मॉडेल्स आणि क्रेडिट डिफॉल्ट स्वॅप्स. समजा, यादीवाल्याने डोळे मिटून यातली तीन सांगितली. समजा, पेपरात दोन वेगवेगळ्या प्रकरणांवर केस आल्या आणि प्रत्येक प्रकरणाची शक्यता सारखीच आहे. पाचातून दोन निवडायच्या जोड्या दहा. त्यातली एकच जोडी अशी, जिच्यातलं एकही नाव यादीत नाही. म्हणजे काहीही न कळता "बघा, मी सांगितलं होतं" म्हणायची संधी ९० टक्के. तीन केस आल्या तर विचारूच नका, कारण न सांगितलेली प्रकरणं दोनच उरतात. एक तरी लागणारच. पेपरात आलेली दोन्ही प्रकरणं यादीतली असण्याची शक्यता मात्र ३० टक्के, आणि तुम्ही उरलेली दोन प्रकरणं सोडली असतील तर तुमच्या कामाचा आकडा हा ३० आहे. जाहिरातीत येतो तो ९०.

कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडते, ती ही अशी. फरक इतकाच की इथे कावळ्याने आधीच निम्म्याहून जास्त फांद्या सांगून ठेवलेल्या असतात.

आता माझी गोष्ट. मी पहिल्यांदा लेव्हल टू दिली तेव्हा ती वर्षातून एकदाच, जूनमध्ये व्हायची. कागदी पेपर, पेन्सिलने गोळे काळे करायचे, आणि नापास झालं की अख्खं वर्ष वाट बघायची. माझ्याकडे एका क्लासची यादी होती. चांगली छापलेली, ताऱ्यांची खूण केलेली. तीन तारे म्हणजे नक्की, दोन तारे म्हणजे बहुतेक, एक तारा म्हणजे वेळ उरला तर. एका प्रकरणाला ताराच नव्हता. मी ते ऑप्शनला टाकलं.

ते आलं का?

ते मी सांगणार नाही. भाव खात नाहीये. आपल्याच एथिक्सच्या पुस्तकात स्टँडर्ड सेव्हन-ए आहे, उमेदवारांच्या वागणुकीबद्दलचं. प्रश्न उघड करायचे नाहीत, एवढ्यावर ते थांबत नाही. कोणते ढोबळ विषय किंवा सूत्रं विचारली गेली, हेही सांगायचं नाही, आणि कोणती विचारली गेली नाहीत, हेही नाही. पेपर अवघड होता, मी वैतागले, संस्थेचं धोरण मला पटत नाही, हे खुशाल बोला. पण परीक्षेतून बाहेर पडून "माझ्या पेपरात स्वॅप्स नव्हतेच रे" असं ग्रुपवर टाकणारा मुलगा आत्ताच एथिक्सची उत्तरं लिहून आलेला असतो आणि बाहेर येऊन पहिलं काम नियम मोडायचं करतो. आणि अशा चार-दोन ओळी गोळा करून कुणीतरी पुढच्या वेळची यादी बनवतं. म्हणजे यादी अंदाजाची असेल तर तिला अर्थ नाही, आणि आतल्या माहितीची असेल तर ती चोरीची. मला तिसरी शक्यता अजून सापडलेली नाही.

एवढं सांगते की मी त्या वर्षी नापास झाले. तेव्हाच्या निकालात गुण नसायचे. प्रत्येक विषयापुढे तीन रकाने असायचे: ५० टक्क्यांच्या आत, ५१ ते ७० आणि ७० च्या वर. मी तो कागद बराच वेळ बघत बसले होते. सोडलेल्या प्रकरणाला दोष देणं सोपं होतं आणि काही महिने मी तेच केलं. नंतर जुनी वही उघडली तेव्हा दुसरंच दिसलं. शेवटच्या तीन आठवड्यांत मी तीन ताऱ्यांची प्रकरणं चार-चारदा केली होती. जी मला आधीच येत होती ती. बरोबर उत्तरं येत होती म्हणून बरं वाटत होतं, आणि बरं वाटत होतं म्हणून तेच पुन्हा करत होते. एक आणि दोन ताऱ्यांच्या प्रकरणांवरून नुसती नजर फिरवली होती. यादीने माझं एक प्रकरण बुडवलं म्हणावं तर तसं नाही. तिने माझी सगळी उजळणीच एका बाजूला कलवली.

लेव्हल थ्रीवाल्यांचं मला थोडं तरी समजतं. पूर्वी संस्था स्वतःच सकाळच्या लेखी पेपरचे मागच्या तीन वर्षांचे प्रश्न आणि मार्गदर्शक उत्तरं प्रसिद्ध करायची. लोक त्याआधीचेही जपून ठेवायचे. मग तक्ते व्हायचे: डावीकडे विषय, वर सालं, मध्ये फुल्या. वैयक्तिक गुंतवणूकदाराचं इन्व्हेस्टमेंट पॉलिसी स्टेटमेंट (त्याची उद्दिष्टं आणि मर्यादा मांडणारा दस्तऐवज) त्यात वर्षानुवर्षं दिसायचं, त्यामुळे ते पक्कं करा, हा सल्ला अगदी रास्त होता. पण तक्ता समोर आला की माणसाला रिकाम्या चौकटी दिसू लागतात. एक म्हणायचा, दोन वर्षं आलं नाही म्हणजे यंदा येणारच. दुसरा म्हणायचा, दोन वर्षं आलं नाही म्हणजे त्यांनी ते बाजूला टाकलंय. तक्ता तोच, रिकामी चौकट तीच, निष्कर्ष बरोबर उलटे, आणि दोघांचाही आवाज ठाम.

२०२१ पासून परीक्षा संगणकावर गेली, लेव्हल वन वर्षातून चार वेळा होऊ लागली आणि खरे लेखी पेपर प्रसिद्ध होणं थांबलं. एकाच खेपेतल्या दोघांना एकच प्रश्नसंच मिळेल असंही नाही. २०२५ पासून तर लेव्हल थ्रीला पोर्टफोलिओ मॅनेजमेंट, प्रायव्हेट वेल्थ आणि प्रायव्हेट मार्केट्स असे तीन मार्ग झाले. शेजारी बसलेल्याचा अभ्यासक्रमच काही प्रमाणात वेगळा. तक्त्याखालची जमीन निघून गेली तरी तक्ते मात्र चालूच आहेत.

मला खटकतं ते हे की याद्यांवर विश्वास ठेवणारे आपण आहोत. याच अभ्यासक्रमात आपण अतिआत्मविश्वास शिकतो, आपल्याला हवा तोच पुरावा शोधायची सवय शिकतो, घडून गेल्यावर "मला माहीतच होतं" वाटणं शिकतो, नियंत्रण आपल्या हातात असल्याचा भास शिकतो. त्यांच्या व्याख्या पाठ करतो आणि पुस्तक मिटून यादी उघडतो. एखाद्या फंड मॅनेजरने फक्त फायद्यातली खाती दाखवून परतावा सांगितला तर आपण लगेच जीआयपीएस, म्हणजे परतावा कसा दाखवायचा याची जागतिक मानकं, काढू. त्या मानकांनुसार शुल्क देणारी आणि मॅनेजरच्या मर्जीने चालणारी सगळी खाती कुठल्या ना कुठल्या कॉम्पोझिटमध्ये (सारख्या धोरणाच्या खात्यांच्या गटात) धरावी लागतात, बुडालेली गाळता येत नाहीत. मग यादीवाल्याला एकदा तरी कुणी विचारावं की बाबा, गेल्या पाच वर्षांच्या सगळ्या याद्या ओळीने दाखव, चुकलेल्यांसकट. मी एकदा विचारलं होतं. मला ग्रुपमधून काढलं.

(तो ग्रुप तसाही रात्री दोनला जागा व्हायचा, फार नुकसान झालं नाही.)

पण मी साधूचा आव आणत नाही. वेळ सगळ्यांनाच कमी पडतो. एका लेव्हलला ३०० तास तरी द्या असं सांगतात, आणि नोकरी करून ते काढणं म्हणजे काय हे मला माहीत आहे. काहीतरी मागे राहतंच. लेव्हल वनला डेरिव्हेटिव्ह्ज पूर्ण सोडलं तर काय होतं, याचा हिशोब प्रामाणिकपणे मांडता येतो. ५ ते ८ टक्के म्हणजे ९ ते १४ प्रश्न. पर्याय तीन, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणजे नुसते ठोकले तरी तीन ते पाच बरोबर येतील. नीट अभ्यास करून ७० टक्के मिळाले असते तर सहा ते दहा आले असते. तोटा तीन ते पाच प्रश्नांचा. एवढ्याने कुणी मरत नाही, काठावर असाल तर मात्र मरतं. हा हिशोब करून कुणी सोडत असेल तर माझं काही म्हणणं नाही. तो धोका त्याने मोजून घेतलाय, आणि त्यासाठी काय येणार हे कुणाला विचारायची गरजही पडलेली नाही.

आणि ज्याला अंदाज करायचाच आहे त्याने धड्याच्या सुरुवातीला छापलेली उद्दिष्टं वाचावीत. आपण सगळे ती ओलांडून थेट पहिल्या परिच्छेदावर जातो. त्यातल्या क्रियापदांत पेपर लपलेला असतो. 'वर्णन करा', 'समजावून सांगा', 'तुलना करा', 'काढा' हे शब्द तिथे शोभेला ठेवलेले नाहीत. आर्बिट्राज-फ्री व्हॅल्युएशनमध्ये व्याजदरांचा बायनॉमियल ट्री (दर वर-खाली जाण्याच्या शक्यतांचा आराखडा) कॅलिब्रेट करण्याच्या, म्हणजे बाजारातल्या दरांशी जुळवून घेण्याच्या, प्रक्रियेचं वर्णन करा, असं लिहिलंय. बाँडची किंमत मात्र काढा, असं लिहिलंय. म्हणजे कॅलिब्रेशनची गणितं रात्रभर करत बसू नका. ट्री तयार मिळाला की उजवीकडून डावीकडे सरकत किंमत काढायला हात बसवा. कॉलेबल आणि पुटेबल (मुदतीआधी फेडता किंवा परत करता येणाऱ्या) बाँडचंही तसंच, तिथेही 'काढा' आहे. मला दुसऱ्या खेपेला सगळ्यात जास्त उपयोग या क्रियापदांचा झाला. मी ती एका कागदावर उतरवली आणि प्रत्येकापुढे मला ते खरंच येतं का, एवढंच लिहिलं. त्या कागदावर तारे नव्हते.

तर तो तीन याद्यांचा मुलगा. हुशार आहे, मेहनती आहे, रात्री अकराला अभ्यासाला बसतो. मी त्याला म्हटलं, तिन्ही राहू दे, तुझ्या मॉकचे (सराव परीक्षेचे) विषयवार निकाल पाठव. त्याने पाठवले. फिक्स्ड इन्कममध्ये क्रेडिट डिफॉल्ट स्वॅप्सवरचे चारपैकी तीन प्रश्न चुकले होते. मग मी याद्या उघडल्या. पहिलीत क्रेडिट डिफॉल्ट स्वॅप्स होते. दुसरीतही होते. तिसरीत नव्हते.

"तुला कोणती यादी पटते?"

"तिसरी. ती जरा जास्त अभ्यासपूर्ण वाटते, ताई."

मला माझी तारा नसलेली ओळ आठवली. काय येणार, हे मलाही तेव्हा कुठे जाणून घ्यायचं होतं? जे जड जात होतं ते सोडायला कुणाची तरी परवानगी हवी होती, आणि छापील कागदावरची परवानगी तोंडी परवानगीपेक्षा भारी वाटते.

हे सगळं मी त्याला लिहिलं नाही. एवढंच लिहिलं की त्या प्रकरणाची उद्दिष्टं उघड आणि मला मोजून सांग, त्यात 'काढा' कितीदा आलंय. वीस मिनिटांनी उत्तर आलं: "एकदाही नाही. सगळीकडे वर्णन करा आणि समजावून सांगा." त्याखाली दुसरा मेसेज: "प्रकरण पण लहानच आहे की."

मग तिसरा, रात्री साडेबाराला: "ताई, मग फिक्स्ड इन्कम सगळंच करतो. पण इक्विटीत रेसिड्युअल इन्कमचं प्रकरण नाही केलं तर चालेल ना?"