हाय कॅम्पवर ‘बॉडी सेट’ होत नाही हो

तो फॉरवर्ड या आठवड्यात चौथ्यांदा आला म्हणून एकदाच काय ते लिहून टाकतो. मेसेज थोडक्यात असा: समिटच्या (शिखर गाठायच्या) आधी हाय कॅम्पवर, म्हणजे शिखराखालच्या शेवटच्या कॅम्पवर, तीन-चार रात्री काढा, जितकं वर राहाल तितकी बॉडी सेट होते, दिवसाला सहा-सात लिटर पाणी प्या, फिट माणसाला उंची लागत नाही (विरळ हवेचा त्रास होत नाही), डायमॉक्स ही उंचीवरची गोळी घेऊ नका कारण ती फक्त त्रास झाकते, आणि डोकं दुखलं तरी हलू नका, सकाळपर्यंत ॲडजस्ट होतं. खाली ‘एक अनुभवी गिर्यारोहक’. नाव नाही, गाव नाही.

पहिलाच मुद्दा सगळ्यात घातक, कारण तो अर्धा खरा आहे. शरीर उंचीला सरावतं, त्याला वेळ लागतो, मान्य. पण कुठपर्यंत? साडेपाच हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मा असतो, म्हणजे हवेत ऑक्सिजन तेच २१ टक्के पण एका श्वासात हाती लागतो निम्माच. जगातली सगळ्यात उंच कायमची वस्ती पेरूतलं ला रिंकोनाडा, ती ५१०० मीटरच्या आसपास. १९६०-६१ च्या हिवाळ्यात हिलरींच्या मोहिमेतली शास्त्रज्ञ मंडळी हेच तपासायला एव्हरेस्टच्या परिसरात ५८०० मीटरवर सिल्व्हर हट नावाच्या झोपडीत काही महिने राहिली, चांगली ऊब होती, खायला होतं, तरी वजनं घटतच गेली. आपला तंबू त्या झोपडीपेक्षा आरामाचा आहे का?

मी स्वतः सहा हजाराच्या जरा खाली वाऱ्यामुळे दोन रात्री अडकलो होतो. पहिल्या संध्याकाळी नूडल्स अर्धे तरी गेले, दुसऱ्या संध्याकाळी चमचा हातात धरून नुसता बघत बसलो. बर्फ वितळवून एक बाटली भरायची म्हणजे तासभर. रात्री शेजारच्याचा श्वास थांबायचा, मी सेकंद मोजायचो, दहा, बारा, आणि मग तो दचकून मोठा श्वास घ्यायचा, की माझी पाळी (झोपेत असा थांबत-थांबत श्वास तिथे बहुतेकांचा होतो, त्याने घाबरायचं कारण नाही, पण झोपेचं खोबरं होतं ते होतंच). तिसऱ्या सकाळी डोकं अजिबात दुखत नव्हतं, मेसेजवाल्याच्या भाषेत ‘सेट’, आणि एका बुटाची लेस बांधून मी दम खायला बसलो. समिट सोडा, खाली उतरताना पाय लटपटत होते.

आता उंची बघून बोलायला हवं हेही खरं. किलिमांजारोचा बराफू कॅम्प ४६०० च्या थोडा वर आहे, तिथे एखादी रात्र जादा मिळाली तर फायदाच होईल. तेच गणित एव्हरेस्टच्या साउथ कोलला, तिथल्या शेवटच्या कॅम्पला, ७९०० मीटरला लावलंत तर दर तासाला तुम्ही फक्त झिजताय. म्हणून सरावायचं काम आधीच, खालच्या कॅम्पांवर उरकतात: तीन हजाराच्या वर झोपायची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही, तीन-चार दिवसांनी एक आराम, दिवसा वर जाऊन सामान टाकून यायचं आणि झोपायला खाली. हाय कॅम्प म्हणजे पाठ टेकायची, पाणी भरायचं, मध्यरात्री निघायचं, बस.

पाण्याचं तर विचारूच नका. गरजेपेक्षा खूप जास्त प्यायलात तर रक्तातलं सोडियम उतरतं, आणि मग डोकेदुखी, मळमळ, म्हणजे उंची लागल्यासारखंच सगळं! लघवी फिकट पिवळी होतेय ना, झालं मग.

फिटनेसने चढण सोपी होते, उंची लागणं टळत नाही. उलट मॅरेथॉनवाला गडी भराभर वर पोचतो आणि तोच आधी आडवा होतो.

आणि डायमॉक्स झाकत बिकत काही नाही. त्यातलं अ‍ॅसिटाझोलामाइड मूत्रपिंडांना बायकार्बोनेट बाहेर टाकायला लावतं, रक्त किंचित आम्लाकडे झुकतं, त्यामुळे श्वास वाढतो, रात्रीसुद्धा. शरीर जे दोन-चार दिवसांत करणार तेच जरा लवकर. सगळ्यांनाच लागते असं नाही, कुणाला चालत नाही, तेव्हा निघायच्या आधी डॉक्टरांना विचारा. झाकणारं औषध वेगळं, डेक्सामेथासोन. त्याने सरावाला मदत होत नाही, वर असताना बंद केलं की त्रास पुन्हा उसळू शकतो. मेसेजवाल्याने बहुतेक दोन्हींची खिचडी केलीय.

राहिलं ते ‘हलू नका’. ज्याचं डोकं दुखतंय त्याला तंबूबाहेर काढा आणि बर्फावर सरळ रेषेत, एका पायाच्या टाचेला दुसऱ्या पायाचं बोट लावत दहा पावलं चालायला सांगा. तोल गेला, किंवा नुसतं बसल्या जागी धाप लागत असेल, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी कुणीतरी सोबत जाऊन त्याला खाली न्यायचं, जमलं तर हजार मीटर. सकाळची वाट बघायची नाही.