एकास सात, पण कसले सात?

सामाजिक संस्थांच्या अहवालांत हल्ली एक ओळ हमखास सापडते: 'खर्च केलेल्या प्रत्येक रुपयामागे समाजाला सात रुपयांचा लाभ.' ठळक अक्षरांत, पहिल्याच पानावर. असे अहवाल वाचणं माझ्या कामाचा भाग आहे. मी ती ओळ ओलांडून थेट शेवटचं परिशिष्ट उघडते, कारण ते सात आले कुठून हे तिथेच कळतं.

मोजूच नये, असं मी म्हणत नाही. 'माणुसकीला किंमत लावता का?' या प्रश्नाला टाळ्या मिळतात, पण पैसा मोजकाच असतो आणि कुणाला तरी नकार द्यावाच लागतो. मोजमाप नसेल तर ज्याच्या ओळखी जास्त आणि फोटो चांगले, त्याचं फावतं. शिवाय चांगल्या हेतूने केलेल्या कामातून नुकसानही होतं. किशोरवयीन मुलांना तुरुंगात नेऊन, कैद्यांकडून दरडावून गुन्ह्यांपासून दूर ठेवायचे कार्यक्रम अमेरिकेत चांगलेच लोकप्रिय झाले होते. खर्च कमी आणि बघणाऱ्याला पटकन पटणारे. तुरुंगात न नेलेल्या मुलांचा गट तुलनेला घेतला तेव्हा कळलं, की नेलेल्या मुलांमध्येच गुन्हे जास्त. तो गट नसता तर 'सुधारलेल्या' मुलांच्या मुलाखती अहवालात दिमाखात झळकल्या असत्या.

म्हणून माझा पहिला प्रश्न: हा कार्यक्रम नसता तर काय झालं असतं? प्रशिक्षण घेतलेल्या १०० जणांपैकी ६० जणांना नोकरी लागली, ठीक. त्यातल्या किती जणांना ती नाहीतरी लागलीच असती? किती नोकऱ्या दुसऱ्या कुणाच्या हातून गेल्या? घरच्यांचा, शाळेचा वाटा किती? आणि दरवर्षी परिणाम किती ओसरतो? या चारही वजाबाक्या ब्रिटनमध्ये २००९ साली निघालेल्या सामाजिक परताव्याच्या (म्हणजे खर्चाच्या तुलनेत समाजाला झालेला लाभ पैशांत मोजण्याच्या) मार्गदर्शिकेत नीट समजावून दिल्या आहेत. प्रत्यक्षात त्या रकान्यांत अनेकदा सरसकट १० टक्के टाकलेले दिसतात. का, ते कुठेच लिहिलेलं नसतं.

बरं, वजाबाकी चोख केली तरी एक पेच उरतोच. मिशिगनमधल्या इप्सिलांटीचा पेरी बालवाडी प्रयोग या क्षेत्रात सगळ्यांना पाठ असतो. १९६२ साली सुरू झालेला, गरीब कृष्णवर्णीय घरांतली १२३ मुलं; ५८ बालवाडीत, ६५ तुलनेच्या गटात. ही मुलं चाळिशीची होईपर्यंत त्यांचा माग ठेवला गेला. निष्कर्ष: एका डॉलरमागे समाजाला सुमारे १६ डॉलर, त्यांपैकी जवळजवळ १३ इतर जनतेच्या पदरात. (पुढे अर्थशास्त्रज्ञ जेम्स हेकमन आणि सहकाऱ्यांनी पुन्हा हिशेब केला, त्यांना वर्षाला ७ ते १० टक्के परतावा दिसला. तोही उत्तमच.) पण ते १३ फोडून बघा. त्यातले ८८ टक्के गुन्हे कमी झाल्यामुळे वाचलेले पैसे, आणि ९३ टक्के मुलग्यांमुळे. शालेय शिक्षण पूर्ण करण्यात मोठी झेप घेतली होती मुलींनी! मुली मुळातच गुन्हे कमी करतात, म्हणून तुरुंगाचा खर्च 'वाचवायला' त्यांच्याकडे फारसं काही नव्हतं. उद्या कुणी हे गुणोत्तर वाढवायला निघाला, तर त्याने फक्त मुलगेच घ्यावेत. हिशेबात चूक नाही. फक्त सरकारचे पैसे जिथे वाचतात तिथे तो ठणठणीत बोलतो आणि बाकी ठिकाणी पुटपुटतो. एकट्या वृद्धांना भेटायला जाणारा गट यात कायम मागेच राहणार.

त्या ब्रिटिश मार्गदर्शिकेतच बजावलंय, की वेगवेगळ्या संस्थांची गुणोत्तरं शेजारी ठेवून तुलना करू नका. निधी देणारे नेमकं तेच करतात.

खर्चाच्या बाजूलाही लबाडी चालते. स्वयंसेवकांचे तास शून्य धरले की एकास चारचं एकास सात आपोआप होतं.

मला विचाराल तर एका आकड्याऐवजी पट्टा द्यावा, तीन ते सात असा, आणि कोणतं गृहीतक बदललं की तो कोसळतो तेही सांगावं. तुलना करायचीच तर त्याच संस्थेच्या मागच्या वर्षाशी करावी. आणि देणगीदारांनो, निधी वर्षभराचा देऊन वीस वर्षांचा परिणाम मागितलात, तर संस्था तो रकाना अंदाजानेच भरणार. कार्यक्रम संपल्यावर दोन-तीन वर्षांनी पुन्हा जाऊन पाहण्यासाठी वेगळे पैसे ठेवा. ते सहसा कुणी देत नाही, कारण त्या पाहणीचं उद्घाटन करता येत नाही.